फेस येत नाही? साबणाआधी पाणी तपासा

"साबण बदललात का? फेसच येत नाही." उन्हाळ्यात नळ आटून बोअर सुरू झाली की आम्हा साबण बनवणाऱ्यांना असे फोन येतात. साबण तोच असतो. पाणी बदललेलं असतं.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हणतात, घरात आपण जड पाणी म्हणतो. ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, त्यात साबणही फेसाळत नाही. दोन्हीकडे कारण एकच: पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार.

साबणाच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, शेपूट पाण्यापासून पळतं. असे रेणू बुडबुड्याभोवती दाटीने उभे राहिले की फेस टिकतो. कॅल्शियम मात्र दोन-दोन रेणूंना धरून त्यांचा न विरघळणारा साका करतो. बादलीला आतून बसणारी ती करडी, चिकट रेघ म्हणजे तुम्ही पैसे मोजून घेतलेला साबणच! समजा, पाण्याचा जडपणा लिटरला 300 मिलिग्रॅम आहे. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत योग्य, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतं.) अशा 20 लिटरच्या बादलीत जवळजवळ 35 ग्रॅम साबण नुसता साका होण्यात जातो. फेस त्यानंतर.

काही जण टीडीएस मीटर दाखवतात. त्यावरून फेसाचा अंदाज बांधू नका. मीटर एकूण किती क्षार आहेत ते सांगतं, कोणते ते सांगत नाही. पाण्याचा जडपणा घालवणारा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, म्हणून टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि फेस मात्र भरभरून येतो.

म्हणजे सोडियम अगदी निरुपद्रवी? तसंही नाही. फार झालं तर तेही साबणाला पाण्यातून बाहेर ढकलतं. साबणाच्या कढईत मीठ घालून साबण वेगळा काढतात तो याच गुणामुळे. समुद्राच्या पाण्यात, लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असताना, साधा साबण हार मानतो. खोबरेल तेलाचा त्यातल्या त्यात तग धरतो.

आमच्याकडे मिठाची पोती पाहून एका ताईंनी विचारलं, "लिक्विडमध्ये भेसळ करता की काय?" भेसळ नाही. भांड्यांच्या लिक्विडला थोडं मीठ दाटपणा आणतं, जास्त पडलं तर ते उलट पातळ होतं. पण दाट म्हणजे जोरदार, असं समजू नका.

डिटर्जंट पावडरचा साबणासारखा साका होत नाही, म्हणून जड पाण्यात ती बरी. वडीच वापरायची असेल तर आधी बादलीत धुण्याचा सोडा विरघळवा. वरच्या हिशेबाच्या बादलीला साधारण 7 ग्रॅम कोरडा सोडा पुरतो. कॅल्शियम खडूसारखं खाली बसतं. पाच-दहा मिनिटं थांबून वरचं पाणी घ्या, मग वडी लावा.

खात्री करायची तर दोन बाटल्या घ्या. एकीत पावसाचं किंवा आरओचं पाणी, दुसरीत तुमचं, दोन्ही अर्ध्या भरा. वडीचा सारखाच चिमूटभर कीस टाकून दहा वेळा हलवा. दुसरीत फेसाऐवजी दुधाळ पाणी आणि वर तरंगणारे गोळे दिसले, तर पाणी जड आहे.

सोड्याचं पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना, लोकरीला आणि रेशमाला लावू नका. अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, रेशमाचा पोत जातो, आणि त्याची तक्रार पुन्हा आमच्याकडेच येते.