‘डबल हिट’ हे नाव कुठून आलं: लिम्फोमातल्या जीन टेस्टची पार्श्वभूमी

लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींतल्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या) रिपोर्टवर ‘मिक रिअरेंज्ड, बीसीएल२ रिअरेंज्ड’ (म्हणजे ही दोन जीन तुटून जागा बदललेली) असं दिसलं की हल्ली घरचे लोक लगेच फोनवर शोधतात आणि ‘डबल हिट’ या शब्दापाशी येऊन धसका घेतात. काळजी वाटणारच, आजार तापटच असतो तो. पण या शब्दाचा अर्थ गेल्या काही वर्षांत बदलत आलाय, आणि आज तर वर्गीकरणाचं कुठलं पुस्तक उघडता त्यावर तो ठरतो. हे असं का झालं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी गाठींचे रिपोर्ट लिहिणारी पॅथॉलॉजिस्ट, सुरुवात पटकन सांगते. १९५८ मध्ये युगांडात काम करणाऱ्या एका आयरिश सर्जनने लहान मुलांच्या जबड्यातल्या गाठींचं वर्णन केलं, तोच पुढे बर्किट लिम्फोमा. १९७२ मध्ये या गाठींच्या पेशींत १४ नंबरच्या क्रोमोसोमला एक जादा तुकडा लागलेला दिसला, १९७६ मध्ये कळलं की तो ८ नंबरवरून आलाय, आणि १९८२ मध्ये कळलं की त्या तुकड्यावर मिक नावाचं जीन बसलंय. बी पेशी ही पांढरी पेशी अँटिबॉडी बनवण्यासाठी स्वतःचाच डीएनए तोडते आणि पुन्हा जोडते, शरीरात ही मुभा फार थोड्या पेशींना आहे, आणि त्या तोडजोडीत कधी भलताच तुकडा भलत्या जागी चिकटतो. अँटिबॉडीच्या जीनचं बटन बी पेशीत कायम चालू असतं. त्याच्या शेजारी मिक येऊन पडलं की तेही चालूच राहतं आणि पेशी थांबायचं विसरते. पुढच्या दोन-तीन वर्षांत याच वाटेने फॉलिक्युलर लिम्फोमातली १४ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल (थोडक्यात १४-१८, त्यातलं जीन बीसीएल२) आणि आज ज्या लिम्फोमाला मँटल सेल म्हणतो त्यातली ११-१४ सापडली.

हे सगळं थोर होतं, पण रोजच्या रिपोर्टिंगला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. क्रोमोसोम बघायचे तर ताज्या, जिवंत, विभागणाऱ्या पेशी लागतात आणि गाठ तर ऑपरेशन थिएटरमधूनच फॉर्मलिनच्या डबीत पडून येते. सदर्न ब्लॉट या जुन्या डीएनए टेस्टने बी पेशी एकाच वंशाच्या आहेत का ते कळायचं, पण त्यालाही भरपूर ताजा डीएनए, रेडिओॲक्टिव्ह प्रोब (ठरावीक जीनला चिकटणारा खुणेचा तुकडा) आणि कितीतरी दिवस लागायचे. मग पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी टेस्ट) आला, काम सोपं झालं, पण ज्या त्या लॅबचे प्रायमर (त्या प्रती सुरू करून देणारे डीएनएचे बारीक तुकडे) वेगळे आणि निकालही वेगळे. २००३ मध्ये युरोपातल्या बऱ्याच लॅबनी मिळून प्रायमरचा एक सामाईक संच छापला तेव्हा कुठे ‘क्लोनल’ (म्हणजे एकाच पेशीची पिलावळ) या शब्दाला सगळीकडे साधारण सारखा अर्थ आला.

त्यातही एक गोष्ट आजही लोक विसरतात, क्लोनल म्हणजे कॅन्सर नव्हे. सुईने काढलेल्या बारीकशा तुकड्यात बी पेशीच मोजक्या असतील तर पीसीआरच्या आलेखात क्लोनल असल्यासारखं खोटं शिखर येतं. आणि १४-१८ ची अदलाबदल तर पीसीआर पुरेसा संवेदनशील केला की धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडते, हे १९९० च्या दशकातच दिसलं होतं. त्यांतल्या बहुतेकांना कधीच लिम्फोमा होत नाही. म्हणून टेस्ट स्लाइडच्या जोडीने वाचायची, एकटी नाही.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडते आणि तिचं कौतुक कमी होतं. मँटल सेल लिम्फोमा आधी वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला होता, ११-१४ मुळे कोणतं जीन भडकतं (सायक्लिन डी१) ते १९९१ च्या सुमारास कळलं आणि मग त्या जीनच्या प्रोटीनलाच रंग देणारा स्टेन तयार झाला. १९९४ मध्ये दुसऱ्या एका लिम्फोमातल्या एएलके या जीनचं तसंच झालं. म्हणजे शोध जीनचा, पण साध्या लॅबमध्ये तो पोचला तपकिरी रंगाच्या स्टेनच्या रूपात, काही हजारांच्या टेस्टऐवजी थोडक्या पैशांत. जीन टेस्टचा खरा प्रसार पुष्कळदा असा झालाय.

आता फिश, म्हणजे जीनवर चमकणारे ठिपके बसवून ते मायक्रोस्कोपखाली बघायची टेस्ट. हा काळ मला सगळ्यात जवळचा, कारण मी शिकत होते तेव्हा फिशचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) बाहेरच्या लॅबला जायचे आणि रिपोर्टची वाट बघत फाइल अडकून पडायची. फिशचं मोठेपण हे की पॅराफिन ब्लॉकवर चालतं, जिवंत पेशी लागत नाहीत. ब्रेक-अपार्ट प्रोबमध्ये जीनच्या एका बाजूला लाल ठिपका, दुसऱ्या बाजूला हिरवा, दोन्ही चिकटून असले तर जीन शाबूत, लांब गेले तर तुटलं. हे हातात आल्यावर डिफ्यूज लार्ज बी सेल या लिम्फोमाच्या गाठींवर मिक, बीसीएल२, बीसीएल६ ही तिन्ही जीन सर्रास बघायला लागले आणि दिसलं की काही गाठींत मिकसोबत दुसरंही जीन तुटलेलं आहे आणि हे पेशंट आर-चॉप या नेहमीच्या औषधसंचाला नीट दाद देत नाहीत. दोन जीन, दोन तडाखे, म्हणून डबल हिट. तिन्ही असतील तर ट्रिपल.

इथून गुंता सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात बर्किट आणि लार्ज सेल यांच्या मधला एक कप्पा केला होता, पण तो मुख्यतः मायक्रोस्कोपखाली गाठ कशी दिसते त्यावर, त्यामुळे दिसायला साधी लार्ज सेल असलेली डबल हिट गाठ साध्याच नावाखाली राहायची. २०१६ मध्ये पारडं फिरलं: मिक तुटलंय आणि त्यासोबत बीसीएल२ किंवा बीसीएल६ तुटलंय, मग दिसायला कशीही असो (थोडे अपवाद सोडले तर), नाव हाय-ग्रेड बी सेल लिम्फोमा. म्हणजे नाव फिशने ठरवायचं. याचा सरळ अर्थ असा की प्रत्येक लार्ज सेलच्या गाठीवर फिश करा, आणि खर्चामुळे बऱ्याच ठिकाणी ते झालं नाही. कोणी आधी फक्त मिक करायचं आणि ते तुटलेलं निघालं तरच पुढचे दोन, कोणी फक्त जर्मिनल सेंटर (लसीका ग्रंथीत बी पेशी वाढतात ते केंद्र) प्रकारावर करायचं, कोणी केआय-६७ (किती पेशी विभागताहेत ते दाखवणारा स्टेन) खूप जास्त असेल तरच. पहिला मार्ग मला पटतो, शेवटचा अजिबात नाही, कारण केआय-६७ कमी असलेल्या डबल हिट गाठी मी स्वतः बघितल्यात.

त्याच काळात ‘डबल एक्स्प्रेसर’ हा शब्द आला आणि घोळ वाढला. यात जीन तुटलेलं असायची गरज नाही, फक्त स्टेनमध्ये मिक ४० टक्के आणि बीसीएल२ ५० टक्के पेशींच्या वर दिसलं पाहिजे. अशा गाठी डबल हिटपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि त्यांचं भवितव्य साधारण मधलं. पण दोन्ही शब्द ‘डबल’ने सुरू होतात, त्यामुळे पेशंटच्या घरात नको ती भीती आणि कधीकधी रेफरल चिठ्ठीतही चूक. हा फरक उपचारापर्यंत जातो, कारण डबल हिटला बऱ्याच ठिकाणी आर-इपॉक हा दुसरा औषधसंच देतात, ज्यात काही औषधं ९६ तास सलग चालू असतात.

मग २०२२. त्या एका वर्षात दोन वेगळी वर्गीकरणं आली. एकाने बीसीएल६ ची जोडी या नावातून काढली आणि फक्त मिक-बीसीएल२ ठेवली, दुसऱ्याने मिक-बीसीएल६ तात्पुरता प्रकार म्हणून वेगळा जपला. काढण्यामागचं कारण मला तरी पटतं. मिक-बीसीएल२ च्या गाठी जवळजवळ सगळ्या जर्मिनल सेंटर प्रकारच्या आणि एकसारख्या स्वभावाच्या, मिक-बीसीएल६ च्या तशा नाहीत. शिवाय ३ आणि ८ नंबरच्या क्रोमोसोमचीच आपापसात अदलाबदल झाली तर बीसीएल६ आणि मिक एकाच तडाख्यात तुटतात, दोन्ही प्रोब पॉझिटिव्ह येतात आणि रिपोर्टमध्ये दोन तडाखे मोजले जातात. २०१९ मध्ये मोठ्या संख्येने पेशंट एकत्र करून बघितलं तेव्हा हेही दिसलं की मिक कोणाच्या शेजारी जाऊन बसलंय, अँटिबॉडीच्या जीनशेजारी की दुसरीकडे, त्यावरही बरंच अवलंबून आहे. पण शास्त्र बरोबर असलं तरी एकाच वर्षी दोन पुस्तकं काढणं मला चूक वाटतं. १९७० च्या दशकात अशी कितीतरी वर्गीकरणं एकाच वेळी चालायची आणि एका शहराचा रिपोर्ट दुसऱ्या शहरात कळायचा नाही, ते मोडायला २००१ उजाडलं होतं. आता तोच पेशंट एका हॉस्पिटलमध्ये एका नावाचा आणि दुसऱ्यात दुसऱ्या नावाचा.

सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून जीनमधले बदल शोधायचा, भाग थोडक्यात. २०११ मध्ये हेअरी सेल ल्युकेमियात बीआरएएफ, २०१२ मध्ये वाल्डनस्ट्रॉम या लिम्फोमाच्या प्रकारात एमवायडी८८, २०१४ मध्ये एका प्रकारच्या टी सेल लिम्फोमात आरएचओए. मेंदूतल्या लिम्फोमात एमवायडी८८ पाठीच्या पाण्यातही सापडू शकतं, आणि बायोप्सी धोक्याची असते तिथे हा मोठाच आधार. २०१८ पासून लार्ज सेलचे जीनवरून चार-पाच उपगट पाडताहेत, पण त्यावरून औषध बदलायचं अजून रोजच्या कामात आलेलं नाही.

‘जेनेटिक टेस्ट’ म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, मग मुलांना होईल का? हे बदल गाठीतल्या पेशींत नंतर झालेले असतात, आईवडिलांकडून आलेले नसतात आणि मुलांकडे जात नाहीत. हे वाक्य मी शक्य तिथे फोनवर स्वतः सांगते.

आणि ब्लॉक. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की आधी टीबी, बऱ्याचदा सुईने केलेल्या तपासणीवरच औषधं सुरू, आणि गाठ काढेपर्यंत महिने जातात. मग ब्लॉक कोणीतरी पिशवीत घालून नागपूरहून किंवा कोल्हापूरहून मुंबईला घेऊन येतं, आणि तो फॉर्मलिनमध्ये जास्त दिवस राहिलेला असेल, किंवा बोन मॅरोचं हाड ॲसिडने मऊ केलेलं असेल, तर फिशचे ठिपकेच उमटत नाहीत. त्यामुळे रिपोर्टमध्ये मी आता तिन्ही जीन वेगवेगळी लिहिते, मिक तुटलेलं, बीसीएल२ शाबूत, बीसीएल६ तुटलेलं, कोणता प्रोब वापरला ते, आणि खाली दोन्ही वर्गीकरणांतली दोन्ही नावं वर्षासकट. पुढे नाव पुन्हा बदललं तरी निदान तोच ब्लॉक परत कापायची वेळ येऊ नये.