वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा: रेटिनॉलच्या सल्ल्यामागचा इतिहास

म्हापशात, फोंड्यात, डिचोलीत, कुठल्याही फार्मसीत आज रेटिनॉलचं सीरम मिळतं. सोबतचा सल्लाही ठरलेला असतो: रात्री लावा, वाटाण्याएवढंच घ्या, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, आणि सकाळी सनस्क्रीन लावा. पुष्कळ जणी पहिल्याच आठवड्यात रोज लावू लागतात, चेहरा चुरचुरतो, पापुद्रे सुटतात आणि बाटली कपाटात जाते. हा सल्ला कुठून आला हे ठाऊक असतं तर तो इतका सहज मोडला गेला नसता, असं मला मनापासून वाटतं.

रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्व. आपल्या घरांत ते आधी येतं ते लहान मुलांसाठी. बाळ नऊ महिन्यांचं झालं की १ लाख युनिटचा डोस, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाखांचा. अ जीवनसत्त्वाअभावी येणारं अंधत्व टाळण्यासाठी हा कार्यक्रम देशात १९७० मध्ये सुरू झाला. चेहऱ्याच्या सीरमचं आणि त्या डोसाचं कूळ एकच.

१९१३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅकॉलम आणि मार्गेरिट डेव्हिस यांनी दाखवून दिलं, की उंदरांची खुंटलेली वाढ लोण्यातल्या एका स्निग्ध घटकाने पुन्हा सुरू होते. तेच हे जीवनसत्त्व. त्वचेशी त्याचं नातं कळलं १९२५ मध्ये. वोल्बाक आणि हाव या दोघा संशोधकांनी पाहिलं, की ते मिळालं नाही तर शरीरातली मऊ, ओलसर अस्तरं कोरडी आणि राठ होत जातात. १९३१ मध्ये पॉल कारर यांनी माशाच्या यकृताच्या तेलावरून त्याची रचना मांडली. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचं तेल येईनासं झालं, तेव्हा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्कच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. शार्क म्हणजे आपण जिचं आंबोट-तीक करतो ती मोरी. १९४७ मध्ये ओटो इस्लर यांनी कारखान्यात करता येईल अशी कृत्रिम पद्धत बसवली आणि माशावरचं अवलंबित्व संपत गेलं.

त्वचेवर आधी आलं ते रेटिनॉल नव्हे, तर त्याचं तीव्र रूप, रेटिनॉइक आम्ल, म्हणजे ट्रेटिनॉइन. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरुमांवरचे त्याचे परिणाम प्रसिद्ध केले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. हे सांगताना एक गोष्ट वगळता येत नाही. क्लिगमन यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर दोन दशकांहून अधिक काळ प्रयोग केले. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि आपल्या अंगावर काय लावलं जातंय याची पुरती कल्पना त्यांना दिली जात नव्हती. ट्रेटिनॉइनच्या सुरुवातीच्या चाचण्याही तिथल्याच. फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२२ मध्ये. त्या माणसांच्या सोसण्याचा या बाटलीशी संबंध आहे, आणि तो लक्षात ठेवणं मला आवश्यक वाटतं.

मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन लावणाऱ्या मोठ्या वयाच्या स्त्रिया सांगू लागल्या, की बारीक सुरकुत्याही कमी झाल्या. १९८६ मध्ये क्लिगमन यांनी उन्हाने जून झालेल्या त्वचेवरचा निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी पेशीतला तो ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, शोधला ज्याला रेटिनॉइक आम्ल जाऊन चिकटतं. म्हणजे हे द्रव्य नुसतं साल काढत नाही. कुठल्या जनुकाने काम करायचं, तिथे त्याचा हात पोचतो.

मग चुरचुर हवीच का? आपल्या सल्ल्याचं मूळ या प्रश्नाच्या उत्तरात आहे. १९९५ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी ०.१ टक्का आणि ०.०२५ टक्का ट्रेटिनॉइनची ४८ आठवडे तुलना केली. सुधारणा जवळजवळ सारखीच, लाली आणि सालं मात्र जास्त मात्रेत कितीतरी अधिक. चेहरा सोलवटला म्हणजे औषध लागू पडलं, ही समजूत तिथे कोसळली. रेटिनॉल तर आणखी सौम्य, कारण त्वचा त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग आम्ल करते. या दोन पायऱ्यांत जोर ओसरतो. २००७ च्या एका अभ्यासात ऐंशीच्या पुढच्या वयाच्या लोकांच्या दंडावर ०.४ टक्का रेटिनॉल आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा, असं २४ आठवडे लावलं. बारीक सुरकुत्या कमी झाल्या. तीन वेळा पुरल्या.

आपल्याकडे मात्र पुष्कळांची या कुळाशी ओळख वेगळ्याच वाटेने झाली. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन (त्वचेचा रंग फिकट करणारं द्रव्य), ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं मिश्रण काळ्या डागांसाठी सुचवलं. त्या धर्तीची क्रीम भारतात गोरेपणाची म्हणून महिनोन्महिने चोळली गेली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. चेहरे लाल झाले, कातडी पातळ झाली, केस उगवले. २०१८ मध्ये केंद्राने स्टिरॉइडची १४ मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली. रेटिनॉलला अजूनही घाबरणाऱ्या काकू-मावशी भेटतात त्या यामुळेच, आणि त्यांची भीती खोटी नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो, आणि तो महिनोन्महिने जात नाही. म्हणून ‘हळू’ हा शब्द आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. सोबत साधं मॉइश्चरायझर हवं. ओठांच्या भेगांवर घरातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, चालेल, रेटिनॉल तिथे नको.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या उत्पादनांसाठी ०.३ टक्क्याची मर्यादा घातली, कारण अन्नातून आणि क्रीममधून मिळणारं अ जीवनसत्त्व एकाच शरीरात जमतं. याच काळजीपोटी गरोदरपणात ते लावू नये असं डॉक्टर सांगतात. गोव्यात पावसाळ्यात सुरुवात करावी असं मी सुचवेन, ऊन कमी असतं म्हणून. पण अतिनील किरण ढगांतूनही येतात. स्कूटरवरून कामाला जाणारीने सकाळचं सनस्क्रीन जुलैतही सोडू नये.