हेडमध्ये तुटलेला स्टड आणि तापलेलं भोक

स्कूटरचा सायलेन्सर उतरवताना एक्झॉस्टचा स्टड (इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणासारख्या भागात, बसवलेली आणि सायलेन्सर नटाने धरून ठेवणारी आट्यांची सळई) तुटला की गॅरेजमध्ये हमखास वाद रंगतो. एक म्हणतो, हेड तापव. दुसरा म्हणतो, तापवलंस तर धातू फुगेल, भोक आवळेल आणि तुकडा आणखीच रुतून बसेल. हा दुसरा समज शिकल्यासवरल्या लोकांतही पक्का आहे. तो साफ चुकीचा आहे, आणि का चुकीचा ते उमगलं की स्टड काढण्याचं निम्मं शास्त्र हाती येतं.

आधी तो अडकतो कसा? हेड ॲल्युमिनियमचं, त्यात आट्यांवर बसवलेला स्टड पोलादाचा, साधारण 6 किंवा 8 मिलिमीटर जाडीचा. दोन निराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, म्हणजे विद्युतघट तयार झाला. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते. बाहेर उघड्या भागावर पोलाद गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि नट स्टडला जखडतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे सगळं लवकर घडतं.

पाना फिरवला की पीळ स्टडवर येतो. गोल सळईची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. गंजाने व्यास 10 टक्के घटला, तर ताकद 27 टक्के घटते. हाताला हे आधी कळतं: सुटणारा नट ‘कट्’ करून सरकतो आणि तरीही घट्ट लागतो, तुटायला आलेला स्टड आवाज न करता मऊ लागतो. मऊ लागला की तिथेच थांबावं, नट किंचित उलटा आवळावा, तेल सोडावं आणि उष्णता द्यावी.

आता भोक. त्याच्या कडेवर अणूंची एक गोल रांग आहे असं समजा. तापल्यावर प्रत्येक अणूचं शेजाऱ्यापासूनचं सरासरी अंतर वाढतं, म्हणजे रांगेची लांबी वाढते. ही लांबी म्हणजेच भोकाचा परीघ. परीघ वाढला की व्यास वाढणारच. भोक आवळायचं तर याच अणूंना एकमेकांच्या जवळ यावं लागेल, आणि उष्णता करते नेमकं उलट. भोकाच्या जागी त्याच धातूची चकती असती, तर ती जेवढी वाढली असती तेवढंच भोक वाढतं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारे लोहार हेच तर करत आले: तापलेली धाव लाकडी चाकावर सहज उतरते आणि पाणी ओतलं की करकचून आवळते.

पण हेडबरोबर स्टडही तापतो, त्याचं काय? दर अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं, पोलाद सुमारे 12. 8 मिलिमीटरचा जोड 150 अंशांनी तापवला, तर भोक सुमारे 28 मायक्रॉन मोठं होतं आणि स्टड सुमारे 14 मायक्रॉन जाड होतो. उरलेले 13-14 मायक्रॉन केसाच्या जाडीहूनही कमी, पण पांढऱ्या भुकटीची पकड मोडायला तेवढे पुरतात आणि तेलही त्या फटीत केशाकर्षणाने शिरतं.

तुकडा हेडच्या पातळीवरच तुटला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतात. इथे गणित उलटं आहे. तापतो तो मुख्यतः स्टड. त्याला फुगायचं असतं, पण भोवतालचं थंड ॲल्युमिनियम त्याला फुगू देत नाही. तापून नरम झालेलं पोलाद मग लांबीच्या दिशेने पसरतं आणि निवल्यावर पूर्वीपेक्षा किंचित बारीक होतं. पाना लावायला नट मिळतो, हा वरचा फायदा. ज्योत किंवा वेल्डिंग वापरण्याआधी पेट्रोल आणि प्लास्टिकचे भाग दूर केलेच पाहिजेत.

कोला, मेणबत्ती किंवा ‘जादुई’ स्प्रेने स्टड दोन मिनिटांत निघतो असे व्हिडिओ फिरतात. त्यांना भुलू नये. कोलातलं आम्ल सौम्य असतं, आणि तापलेल्या हेडवर मेण लावून तुकडा निघाला, तर मोठा वाटा उष्णतेचा असतो.

वेल्डही धरला नाही, तर बरोबर मध्यावर सेंटर पंच मारून उलट्या दिशेचा ड्रिल चालवावा. कापताना त्याची ओढ स्टड सोडवण्याच्याच दिशेने असते. एक्स्ट्रॅक्टर (ड्रिलच्या भोकात रुतवून तुकडा उलटा फिरवायचं हत्यार) मात्र जपून वापरावा. तो कडक आणि ठिसूळ असतो, आत मोडला तर साधा ड्रिल त्यावर चालत नाही. मग हेड उतरवून स्पार्क इरोजनचं मशीन असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावं लागतं. तिथे ठिणग्यांनी तो तुकडा कणाकणाने झिजवून काढतात.