सँटोरिनीचे हादरे: विभंग की शिलारस?

जानेवारी 2025च्या शेवटच्या आठवड्यात एजियन समुद्रात, सँटोरिनी आणि अमोर्गोस या ग्रीक बेटांच्या दरम्यान, अनिद्रोस या निर्मनुष्य बेटाभोवती भूकंपमालिका सुरू झाली. 3 फेब्रुवारीला सँटोरिनीसह चार बेटांवरच्या शाळा बंद झाल्या, 6 तारखेला आणीबाणी जाहीर झाली आणि 10 तारखेला 5.3 तीव्रतेचा, मालिकेतला सर्वांत मोठा धक्का बसला. तोवर 11 हजारांहून जास्त लोक बोटींनी आणि विमानांनी सँटोरिनी सोडून गेले होते.

आफ्रिकेचा भूपट्ट इथे क्रीटच्या दक्षिणेकडून एजियनखाली शिरतो. सँटोरिनीखाली तो शंभर किमीहून अधिक खोल गेलेला आहे, त्यामुळे हे धक्के दोन भूपट्ट एकमेकांवर घासतात त्या पट्टीवरचे नव्हेत. वरचे कवच ताणले जाऊन ईशान्य-नैर्ऋत्य दिशेचे विभंग, म्हणजे ज्यांच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात अशा खडकातल्या भेगा, पडले आहेत. सँटोरिनी, त्याच्या ईशान्येला 7 किमीवरचा कोलुंबो हा समुद्रतळावरचा ज्वालामुखी आणि अनिद्रोस ही तिन्ही ठिकाणे याच पट्ट्यात येतात.

इतिहासातले दोन प्रसंग लोकांच्या डोक्यात होते. 1650मध्ये कोलुंबोचा उद्रेक झाला. त्याआधी भूकंपांची मालिका झाली होती, आणि उद्रेकानंतर त्सुनामी आणि विषारी वायूंनी सुमारे 70 माणसे आणि शेकडो जनावरे दगावली. दुसरा प्रसंग 9 जुलै 1956चा. अमोर्गोसजवळ साडेसातच्या आसपास तीव्रतेचा भूकंप, 13 मिनिटांनी दुसरा मोठा धक्का, त्सुनामी आणि 53 मृत्यू. तो भूकंप विभंगाचा होता. सँटोरिनीचा स्वतःचा शेवटचा उद्रेक 1950चा, छोटा. सँटोरिनीच्या कांस्ययुगातल्या महाउद्रेकाचा फेब्रुवारीत सगळीकडे उल्लेख झाला, पण 2025च्या निर्णयांशी त्याचा संबंध फारच थोडा.

वाद झाला तो एका निष्कर्षावरून. पहिल्याच आठवड्यात अधिकृत तज्ज्ञांकडून सांगितले गेले की हे धक्के विभंगाचे आहेत, ज्वालामुखीचे नाहीत. आधार होता तो असा: धक्के सँटोरिनीच्या कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या मोठ्या खळग्याच्या, बाहेर होत होते, आणि नोंदींचा आकार खडक तुटल्यावर दिसतो तसा टोकदार होता. मात्र त्या आकारावरून खडक तुटला एवढेच कळते, तो कशाने तुटला ते कळत नाही. उभ्या फटीत दाबाने घुसणारी शिलारसाची (वितळलेल्या खडकाची) भिंत, म्हणजे डाइक, आपल्या टोकापुढचा कठीण खडक फोडत जाते, आणि ते धक्के विभंगाच्या धक्क्यांसारखेच दिसतात. कंप लांबवणारे मंद तरंग बहुधा द्रव आणि वायू उथळ फटींत हलू लागल्यावर उमटतात. ते दिसत नाहीत म्हणून शिलारस नाही, हा तर्क टिकत नाही. उलट, नुसत्या मालिकेवरून शिलारस आहे असेही ठरत नाही. पालघरच्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018पासून शेकडो धक्के बसले, तिथे जिवंत ज्वालामुखी नाही.

फरक ओळखायचा तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. मुख्य धक्का आणि मग ओसरत जाणारे नंतरचे धक्के असा क्रम आहे का; केंद्रे दिवसागणिक काही किलोमीटर सरकतात का; आणि जमीन फुगते किंवा खचते का. पहिला क्रम बहुधा विभंगाकडे बोट दाखवतो, बाकीच्या दोन गोष्टी शिलारसाकडे. अनिद्रोसला मुख्य धक्क्याचा पत्ता नव्हता, साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के पुन्हा पुन्हा येत होते. शिलारसामुळे अशी मालिका झाल्याचे उदाहरणही समोर होते: 2000 साली जपानच्या मियाकेजिमातून शिलारस समुद्राखालून आडवा सरकला, वाटेत सहापेक्षा मोठे भूकंप झाले, आणि इकडे शिखर खचून नवा कॅल्डेरा तयार झाला.

खोली ठरवणे हीच मोठी अडचण होती. भूकंपमापक धक्क्याच्या खोलीइतक्याच अंतरात नसेल तर खोलीचे गणित ढिले पडते, कारण धक्का थोडा खोल आणि थोडा आधी झाला असे मानले तरी वेळा जवळपास जुळतात. इथे बहुतेक मापके बेटांवर होती आणि धक्के समुद्राखाली. तळ फुगतो की खचतो हे कळणेही अवघड होते: पाण्याखाली जीपीएस चालत नाही, उपग्रहाच्या रडारला समुद्रतळ दिसत नाही.

प्रशासनाची खबरदारी मात्र दोन्ही शक्यतांना पुरेशी होती. जलतरण तलाव रिकामे करायला सांगितले, कारण हादऱ्यात हिंदकळणारे पाणी इमारतीवर आडवा भार टाकते, आणि सँटोरिनीत कितीतरी तलाव कड्यावर टांगलेल्या घरांत आहेत. कड्याखालची जुनी बंदरे दरडींच्या भीतीने टाळायला सांगितली. चुकले ते ‘ज्वालामुखीचे नाही’ हे ठाम वाक्य. ते ऐकून लोकांचे सगळे लक्ष 1956वर गेले आणि कोलुंबो बाजूला पडला.

नंतरच्या विश्लेषणात कोलुंबोजवळच्या समुद्रतळावरच्या मापकांच्या नोंदी कामी आल्या. यंत्रशिक्षणाने (मशीन लर्निंगने) 25 हजारांहून जास्त धक्के वेगळे काढले. केंद्रे दहा किमीहून अधिक ईशान्येकडे सरकली होती आणि उथळही होत गेली होती. हिशेब असा निघाला की सुमारे 30 कोटी घनमीटर शिलारस वर आला आणि समुद्रतळाखाली सुमारे 4 किमीवर अडकला. 2011-12मध्ये सँटोरिनी फुगले तेव्हा हा आकडा एक ते दोन कोटी घनमीटर होता. 2024च्या मध्यापासून हळूहळू उचलले गेलेले सँटोरिनी या मालिकेदरम्यान पुन्हा खचले. म्हणजे दोन ज्वालामुखींमध्ये दाबाची देवाणघेवाण होते, असा अर्थ लावला गेला. त्यामुळे कोलुंबोवर समुद्रतळाचा दाब मोजणारी यंत्रे कायम हवीत, कारण तळ काही सेंटिमीटर उचलला गेला तरी त्यावर दिसतो.