शिडाच्या होडीवर स्वयंचलित बिल्ज पंप बसवून घेण्यापूर्वी

शिडाच्या लहान होडीच्या तळाशी, आतल्या सर्वांत खोल भागात, म्हणजेच बिल्जमध्ये, थोडेफार पाणी साचतेच. पावसाचे पाणी, लाटांचे तुषार, होडी पुढे ढकलणाऱ्या इंजिनच्या पंख्याच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून ठिबकणारे थेंब, एखाद्या नळीची सैल झालेली क्लिप, अशा अनेक वाटांनी ते येते. होडीवर कोणी नसताना ते उपसण्याचे काम स्वयंचलित पंप करतो. मात्र पंप निवडताना बहुतेक ग्राहक खोक्यावरचा आकडा पाहतात, आणि आमचा अनुभव असा आहे की नळी, वायर आणि स्विच कसे बसवले आहेत यावर सारे अधिक अवलंबून असते.

खोक्यावर ताशी १,००० गॅलन, म्हणजे सुमारे ३,८०० लिटर, असे छापलेले असते, तेव्हा तो आकडा सहसा पाणी अजिबात वर चढवावे लागत नाही अशा स्थितीतला असतो. होडीत मात्र पाण्याला मीटरभर चढावे लागते, वाटेत दोनतीन वळणे असतात आणि बॅटरीही थोडी उतरलेली असते. त्यामुळे उपसा निम्म्यावर आला तरी आम्हाला नवल वाटत नाही. उलट, बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटीमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे ४० लिटर, म्हणजे तासाला २,४०० लिटर पाणी आत येते. म्हणून मोठ्या गळतीत हा पंप होडी तारून नेईल, असे आश्वासन आम्ही देत नाही. भोक शोधून बुजवायला तो वेळ मिळवून देतो, आणि त्याच्या जोडीला हातपंप असलाच पाहिजे.

नळीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण दुरुस्तीला येणाऱ्या होड्यांमध्ये चूक बहुधा इथेच सापडते. आतून वळ्या असलेली स्वस्त नळी पाण्याचा वेग मारते, म्हणून आम्ही आतून गुळगुळीत नळी वापरतो आणि ती कुठेही झोळ न पडता पंपापासून सलग चढत नेतो. शिडाची होडी वाऱ्याने कलते. धक्क्याला उभी असताना हातभर उंच दिसणारे नळीचे तोंड कललेल्या होडीत पाण्याखाली जाऊ शकते आणि मग पंप थांबल्यावर सायफन लागून बाहेरचे पाणी त्याच नळीने आत येऊ लागते. त्यासाठी तोंड शक्यतो होडीच्या मागच्या फळीत, मध्याजवळ आणि उंचावर काढावे, आणि नळीला डेकच्या खाली उंच वळसा देऊन त्या वळशाच्या माथ्यावर हवा घेणारी झडप बसवावी.

पंप थांबला की नळीत राहिलेले पाणी उलटे खाली येते. २८ मिलिमीटर व्यासाच्या तीन मीटर नळीत ते पावणेदोन लिटरांहून थोडे अधिक भरते. अरुंद बिल्जमध्ये एवढ्यानेही फ्लोट, म्हणजे पाण्यासोबत वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा तरंगता स्विच, पुन्हा उचलला जातो, पंप चालू होतो, थांबतो, पुन्हा चालू होतो, आणि बॅटरी संपेपर्यंत हाच खेळ चालतो. यावर अनेक जण नळीत एकमार्गी झडप घालतात. आम्ही ती घालत नाही, कारण लाकडाचा एक भुसकट कणही तिला अडकवून ठेवू शकतो. नळी आखूड करणे आणि फ्लोट थोडा वर बसवणे हा आम्हाला अधिक भरवशाचा उपाय वाटतो.

फ्लोट स्विचची बैठक पंपाच्या बैठकीपेक्षा खाली असू नये. तशी असली तर पंपाच्या आवाक्याबाहेरचे पाणी फ्लोटला उचलून धरते आणि पंप कोरडाच फिरत राहतो. दोन्ही वस्तूंसाठी होडीच्या तळाला थेट स्क्रू मारणे आम्ही पूर्णपणे टाळतो. तळ तेलमुक्त करून, घासून त्यावर एपॉक्सीने एक ठोकळा चिकटवतो आणि त्या ठोकळ्यातच संपतील असे आखूड स्क्रू लावतो.

वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असावी आणि सर्व जोड बिल्जच्या पाण्यापासून शक्य तितके उंच असावेत. जोडावर चढवलेल्या, उष्णतेने आकसणाऱ्या आवरणनळीच्या दोन्ही टोकांतून वितळलेल्या गोंदाचे बारीक कडे बाहेर आलेले दिसेपर्यंत आम्ही तिला उष्णता देतो. ते कडे दिसले नाही तर तो जोड आम्ही पुन्हा करतो. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर धरावी लागते: चार अँपिअरच्या पंपासाठी १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे अर्धा व्होल्ट वाया जातो, २.५ च्या वायरीत ०.३ व्होल्टपेक्षा कमी. स्वयंचलित जोडणी मुख्य स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे मुख्य स्विच बंद करून आपण घरी गेलात तरी पंप जागा राहतो. बॅटरीच्या अगदी जवळ पंपाच्या उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचाच फ्यूज घालावा, कारण मोठा फ्यूज घातल्यास अडकलेला पंप वायरीसकट तापतो.

पंप तासातून पाच मिनिटे तीन अँपिअरवर चालत असेल, तर दिवसाला सहा अँपिअर-तास खर्च होतात आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत निम्मी होते. म्हणून पंप किती वेळा चालला हे मोजणारा गणक आणि पाणी वाढल्यास वाजणारा गजर आम्ही आग्रहाने सुचवतो. इंजिन असलेल्या होडीत बिल्जमध्ये तेल शोषणारी गादी ठेवावी, अन्यथा पंप तेलही समुद्रात टाकील.

काम पूर्ण झाल्यावर आम्ही आपल्यासमोर बिल्जमध्ये बादलीने गोडे पाणी ओततो आणि पंप आपोआप सुरू होऊन आपोआप थांबेपर्यंत थांबतो. हीच चाचणी आपण महिन्यातून एकदा करावी. फ्लोट नुसता बोटाने उचलून पाहिल्याने पंपात पाणी शिरते तिथली तुंबलेली जाळी कळत नाही. जाळी काढून केस, वायरीचे तुकडे आणि बाटल्यांवरून सुटलेली कागदी लेबले त्याच वेळी साफ करावीत.