अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि फुप्फुसातला एक रेणूजाड थर

सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ वाचतं, आठव्यातलं मात्र वाचत नाही, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं आजही भेटतात. समज फार जुना आहे. हिपोक्रेटसच्या परंपरेतले प्राचीन ग्रीक वैद्यही तसंच मानत. पण तो सपशेल खोटा आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पदरात काहीतरी टाकत असतो, आणि 30 आठवड्यांच्या बाळापेक्षा 35 आठवड्यांच्या बाळाची जगण्याची शक्यता जास्तच असते. अशा समजापायी आठव्या महिन्यातल्या बाळाबद्दल घरचे आधीच आशा सोडतात आणि उपचाराचे पहिले मोलाचे तास हातचे जातात, याची मला खरी चीड आहे. शिवाय या आठवड्यांच्या हिशेबामागे फुप्फुसातली जी गोष्ट आहे, ती कुठल्याही अंधश्रद्धेपेक्षा कितीतरी विलक्षण आहे.

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणतात. जगभरात 2020 मध्ये अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं जन्मली, म्हणजे साधारण दर दहा बाळांमागे एक. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारणही अपुऱ्या दिवसांमुळे होणारी गुंतागुंत हेच आहे. मेंदूतला रक्तस्राव, आतड्यांचा दाह, जंतुसंसर्ग, डोळ्याच्या पडद्याचा विकार अशी ही यादी लांब आहे. पण अगदी पहिल्या तासांतला प्रश्न श्वासाचा असतो.

श्वासाचा हा आजार नुसत्या डोळ्यांना दिसतो. बाळाच्या नाकपुड्या फुलतात, दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते आणि श्वास सोडताना बाळ कण्हतं. ते कण्हणं नुसतं रडणं नाही. श्वास सोडताना बाळ स्वरयंत्राची फट अर्धवट मिटून घेतं आणि फुप्फुसात थोडी हवा दाबून धरतं. सोडून दिली तर फुप्फुस मिटेल, आणि मिटलेलं पुन्हा उघडणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे.

अशी बाळं दगावली की शवविच्छेदनात त्यांच्या वायुकोशांना, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना, आतून काचेसारखा चकचकीत पापुद्रा चिकटलेला दिसे. त्यामुळे कित्येक वर्षं तो पापुद्राच आजाराचं कारण मानला गेला आणि तो कुठून येतो याचा शोध चालू राहिला. प्रत्यक्षात तो जखमी फुप्फुसातून झिरपलेल्या प्रथिनांचा साका होता, म्हणजे परिणाम. कारण होतं तिथे नसलेल्या एका पदार्थात, आणि नसलेली गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

आता शाळेतला पृष्ठताण आठवू या. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने ओढणारं कुणी नसतं, म्हणून पृष्ठभाग आक्रसायला पाहतो. वायुकोश आतून ओलसर असतात, म्हणजे प्रत्येक वायुकोश हा पाण्याच्या अस्तरातला हवेचा बुडबुडा असतो आणि तो सतत मिटायला बघत असतो. 1929 मध्ये कुर्ट फॉन नेरगार्ड यांनी फुप्फुसं एकदा हवेने आणि एकदा द्रवाने फुगवून पाहिली. द्रवाने फुगवायला खूपच कमी दाब लागला, कारण आतही द्रव आणि अस्तरही द्रव, म्हटल्यावर ओढणारा पृष्ठभागच उरला नाही. फुप्फुस फुगवायला लागणाऱ्या जोराचा मोठा वाटा फुप्फुसाच्या ऊतींच्या लवचीकपणावर खर्च होत नसून पृष्ठताणावर खर्च होतो, हे त्यातून दिसलं. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असावा, असंही त्यांनी लिहून ठेवलं. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं तिकडे कुणी फारसं फिरकलं नाही.

बुडबुड्याच्या आतला जादा दाब लाप्लासच्या सूत्राने मिळतो: पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 70 मिलिन्यूटन असतो. वायुकोशाची त्रिज्या 50 मायक्रोमीटर धरू. उत्तर येतं 2800 पास्कल, म्हणजे जवळपास 28 सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. वायुकोश एवढा उघडा ठेवायला इतका दाब सतत हवा. आता श्वास सोडताना त्रिज्या निम्मी झाली असं समजा. त्रिज्या सूत्रात खाली आहे, म्हणून लागणारा दाब दुप्पट होतो, 56 सेंटीमीटर. म्हणजे वायुकोश जितका लहान होईल तितका तो जास्त जोराने मिटतो. शेजारशेजारचे दोन वायुकोश एकाच श्वासनलिकेला जोडलेले असतील तर लहानातली हवा मोठ्यात जाईल आणि लहान कोलमडेल. नुसत्या पाण्याचं अस्तर असतं तर कुणाचंच फुप्फुस टिकलं नसतं.

या अडचणीवरचा तोडगा म्हणजे सरफॅक्टंट, वायुकोशांच्या अस्तरावर पसरणारा आणि पृष्ठताण कमी करणारा पदार्थ. पृष्ठताण कमी करणारे पदार्थ पुष्कळ आहेत, साबण हा त्यातलाच. पण साबणाचा पृष्ठताण बुडबुडा लहान झाला तरी जवळपास तेवढाच राहतो. फुप्फुसातल्या थराचं वैशिष्ट्य असं की पृष्ठभाग आक्रसतो तसा त्याचा ताणही घसरत जातो. 1957 मध्ये जॉन क्लेमेंट्स यांनी हे मोजून दाखवलं. फुप्फुसाचा अर्क एका उथळ कुंडात पसरायचा, सरकत्या दांडीने पृष्ठभाग दाबायचा, पुन्हा मोकळा करायचा आणि त्यात लोंबणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीवर किती ओढ येते ते पाहायचं. पृष्ठभाग पसरलेला असताना ताण बराच होता, दाबला की तो झपाट्याने खाली येत होता. त्याआधी 1955 मध्ये रिचर्ड पॅटल यांना दिसलं होतं की फुप्फुसातल्या फेसाचे बारीक बुडबुडे पाण्यात विरून न जाता टिकून राहतात, आणि फेस मारणारी रसायनं घातली तरी हटत नाहीत. दोघेही लष्कराच्या रासायनिक प्रयोगशाळांत, विषारी वायूंचा फुप्फुसांवर होणारा परिणाम अभ्यासत होते.

वरच्या गणितात हा थर घालून पाहा. त्रिज्या 25 मायक्रोमीटरवर आली आणि त्याच वेळी ताण 5 मिलिन्यूटनवर उतरला, तर लागणारा दाब 4 सेंटीमीटर. कुठे 56 आणि कुठे 4!

हे कसं जमतं? सरफॅक्टंटमध्ये सुमारे 90 टक्के स्निग्ध पदार्थ आणि उरलेली प्रथिनं असतात. त्यातला मुख्य रेणू डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन. त्याचं डोकं पाण्यात बुडतं आणि दोन शेपट्या हवेत उभ्या राहतात. या शेपट्या संपृक्त असतात, त्यांना कुठेही बाक नसतो. सरळ काटक्यांची मोळी घट्ट आवळता येते, वाकड्यातिकड्यांची येत नाही. तसे हे रेणू श्वास सोडताना इतके दाटीने उभे राहतात की मध्ये पाण्याचा पृष्ठभाग उरतच नाही. पण यात एक पेच आहे. हा रेणू सुमारे 41 अंशांवर मऊ होतो. 37 अंशांच्या शरीरात त्याचा थर जवळजवळ घट्ट असतो. दाब सोसायला ते उत्तम, पण श्वास घेताना पृष्ठभाग पुन्हा मोठा झाला की त्यावर झटकन पसरायला वाईट. पसरवण्याचं काम इतर स्निग्ध रेणू आणि ‘बी’ व ‘सी’ नावाची दोन छोटी, पाणी टाळणारी प्रथिनं करतात. यातलं ‘बी’ प्रथिन जनुकीय दोषामुळे मुळीच तयार होत नसेल, तर पूर्ण दिवसांचं बाळही श्वासाअभावी दगावतं.

हे मिश्रण वायुकोशातल्या खास पेशी बनवतात. गर्भात त्याची सुरुवात साधारण 24 व्या आठवड्याच्या सुमाराला होते आणि पुरेसा साठा 34-35 आठवड्यांपर्यंत होतो. महिन्यांच्या हिशेबामागचं खरं कारण हेच.

1959 मध्ये बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांचा अर्क अशाच कुंडात तपासला. या आजाराने गेलेल्या बाळांच्या अर्काचा ताण कितीही दाबलं तरी पुरेसा खाली येत नव्हता. आजाराचं मूळ सापडलं. पण मूळ सापडणं आणि इलाज सापडणं यांत किती अंतर असतं, ते चारच वर्षांत दिसलं. ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे 2.1 किलो. त्याला त्याच बॉस्टनला हलवलं, उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवलं, आणि 39 तासांनी तो गेला. आज तेवढ्या दिवसांचं आणि तेवढ्या वजनाचं बाळ योग्य उपचार मिळाले तर क्वचितच दगावतं.

साठच्या दशकात मुख्य रेणूचा फवारा बाळांना हुंगवून पाहिला गेला. ठोस फायदा दिसला नाही, आणि बऱ्याच जणांनी ही कल्पनाच सोडून दिली. वरचा 41 अंशांचा पेच लक्षात घेतला तर अपयशाचं एक मोठं कारण कळतं: नुसता मुख्य रेणू पसरतच नाही. दरम्यान 1971 मध्ये जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी त्या कण्हण्याकडेच लक्ष दिलं. जे बाळ धडपडून करतंय ते यंत्राने करायचं, फुप्फुसात सतत थोडा दाब राखायचा. 20 पैकी 16 बाळं वाचली. हाच आजचा सीपॅप.

सरफॅक्टंटला यश आलं ते 1980 मध्ये. जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातून काढलेलं, प्रथिनांसकटचं मिश्रण 10 बाळांच्या श्वासनलिकेत थेट सोडलं आणि काही तासांत त्यांचा प्राणवायू सुधारला. आज वापरात असलेल्या डुकराच्या फुप्फुसापासूनच्या सरफॅक्टंटची पहिली मात्रा एक किलोच्या बाळाला जेमतेम अडीच मिलिलिटर लागते. दुधट द्रवाची ती छोटी बाटली फ्रिजमधून काढून कोमट करायची आणि अलगद उलटीसुलटी करायची. जोरात हलवायची नाही. औषध आत गेलं की काही मिनिटांतच पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा चढू लागतो. मग हात आखडता घ्यावा लागतो, कारण मऊ झालेल्या फुप्फुसात आधीचाच दाब ठेवला तर ते फुटू शकतं.

दुसरा उपाय बाळ जन्मायच्या आधीचा, आणि तो मेंढ्यांमुळे सापडला. न्यूझीलंडमध्ये माँट लिगिन्स प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात ते शोधत होते. गर्भातल्या कोकराला स्टेरॉइड दिल्यावर ते इतक्या लवकर जन्मलं की त्याला श्वास घेताच येऊ नये. पण ते श्वास घेत होतं. लिगिन्स आणि रॉस हाउवी यांनी 1972 मध्ये 282 मातांवरची चाचणी प्रसिद्ध केली. श्वासाचा आजार 25.8 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आला. सुईतून आईला दिलेलं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि त्या खास पेशींना घाईने कामाला लावतं. एवढा स्पष्ट निकाल हाती असताना हे औषध सर्रास वापरात यायला वीसेक वर्षं गेली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत क्लेशदायक पान वाटतं.

उपचार जितका प्रभावी तितकी त्याची मात्रा नाजूक. 1940-50 च्या दशकांत प्राणवायू मुक्तहस्ते दिला गेला आणि जगभरात सुमारे 10 हजार बाळांची दृष्टी गेली. हात आखडता घेतला तर मृत्यू वाढतात, हेही 2010 च्या चाचणीत दिसलं. म्हणून ‘कृत्रिम गर्भाशय तयार’ अशा मथळ्यांवर मी चटकन विश्वास ठेवत नाही. 2017 चा तो गाजलेला प्रयोग फिलाडेल्फियातला, आणि कोकरांवरचा होता. द्रवाने भरलेल्या पिशवीत ठेवलेली कोकरं चार आठवड्यांपर्यंत वाढली, ही मोठी गोष्ट आहे, पण मानवी बाळापर्यंतचा रस्ता लांब आहे.

सध्याचं संशोधन बरंच शांतपणे चाललंय. बारीक नळीने, बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच सरफॅक्टंट द्यायचं, ही पद्धत रुळते आहे. सरफॅक्टंटमध्येच सूज उतरवणारं ब्युडेसोनाइड मिसळून पुढचा जुनाट फुप्फुसविकार टाळता येईल, अशी आशा छोट्या चाचण्यांनी दाखवली होती. 2024 मध्ये हजाराहून जास्त बाळांवरच्या मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. फवाऱ्याची जुनी कल्पनाही परत आली आहे, या वेळी पूर्ण मिश्रण घेऊन. त्यातली अडचण आता रसायनाची कमी आणि थेंबांची जास्त आहे: थेंब मोठे झाले तर नाकात आणि नळीतच अडकतात, फार बारीक झाले तर श्वासाबरोबर परत बाहेर जातात.