एव्हीआर म्हणजे स्टॅबिलायझर नव्हे

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रिकल सामानाच्या बाजारात, स्टॅबिलायझरच्या कित्येक खोक्यांवर ‘एव्हीआर’ (ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर) असंच छापलेलं असतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. लोणी काळभोर किंवा इंदुरीला मरीन इंजिनिअरिंग शिकणारी मुलंही मग जहाजाच्या अल्टरनेटरवरचा (वीज बनवणाऱ्या जनरेटरवरचा) एव्हीआर म्हणजे घरच्या एसीशेजारच्या डब्याचा थोरला भाऊ समजतात.

स्टॅबिलायझर तुम्हाला माहीत आहे. महावितरणचं व्होल्टेज खालीवर झालं की रिले, सर्वो मोटर किंवा ट्रायॅक ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर बदलतो. लोडचा सगळा करंट त्याच्यातून जातो, म्हणून तो केव्हीए, म्हणजे क्षमता, बघून घ्यायचा. एवढं पुरे.

एव्हीआरमधून लोडचा करंट जातच नाही. अल्टरनेटर ७५० केव्हीएचा असला तरी एव्हीआर एक्सायटरच्या (मुख्य फील्डला करंट पुरवणाऱ्या छोट्या जनरेटरच्या) फील्डला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बनवणाऱ्या गुंडाळीला, काही अँपिअर डीसी देतो, बस. आउटपुट व्होल्टेज ठरवलेल्या रेफरन्सशी ताडून पाहायचं, फरक पडला तर थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) लवकर किंवा उशिरा फायर करायचा. पुढचं काम एक्सायटर, फिरते डायोड आणि मुख्य फील्डचं. त्यामुळे ‘जरा मोठ्या केव्हीएचा एव्हीआर द्या’ ही मागणीच चुकीची. बघायचं ते फील्डचा कमाल करंट, फील्डचा रेझिस्टन्स आणि सेन्सिंगचं (एव्हीआर मोजतो ते) व्होल्टेज. बो थ्रस्टर (जहाजाचं नाक आडवं ढकलणारा मोठा पंखा) सुरू होताना पहिल्याच सायकलला बसणारा डिप, म्हणजे व्होल्टेजची घसरण, मशीनच्या रिॲक्टन्समुळे (गुंडाळ्यांच्या अंगच्या अडथळ्यामुळे) येतो. कुठलाही एव्हीआर तो अडवत नाही, नंतर सावरतो. क्लासचे (जहाजांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांचे) नियमही हे धरूनच आहेत: मोठा लोड पडताना व्होल्टेज ८५ टक्क्यांखाली जाऊ नये आणि दीड सेकंदात ±३ टक्क्यांत यावं. डिपच कमी हवा असेल तर पैसे मोटर हळूहळू सुरू करणाऱ्या सॉफ्ट स्टार्टरवर घाला.

पण भल्याभल्यांना चकवतं ते पॅरलल ऑपरेशन, म्हणजे दोन जनरेटर एकत्र जोडून चालवणं. जनरेटर एकटा असेल तर फील्ड वाढवलं की व्होल्टेज वाढतं, तोवर स्टॅबिलायझरची कल्पना खपून जाते. दोन मशीन एका बसबारवर (वीज वाटणाऱ्या सामायिक पट्टीवर) आली की व्होल्टेज दोघांचं सामायिक. आता एकाचा व्होल्टेज ट्रिमर फिरवा: बसचं व्होल्टेज जेमतेम हलेल, पण रिॲक्टिव्ह लोड (प्रत्यक्ष काम न करता मोटरींच्या चुंबकीय क्षेत्रासाठी येजा करणारा, केव्हीएआरमध्ये मोजला जाणारा) त्या मशीनकडे सरकेल.

आकड्यांत बघा. ४४० व्होल्ट, प्रत्येकी ७५० केव्हीएची दोन मशीन. दोन्हींवर ३०० किलोवॅट आणि २२५ केव्हीएआर असेल तर दोन्ही अँमीटर ४९२ अँपिअरच्या आसपास. आता एकाकडे ४०० आणि दुसऱ्याकडे ५० केव्हीएआर गेले. पहिल्यावर ६५६ अँपिअर, पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) ०.६, दुसऱ्यावर सुमारे ४०० अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.९९. किलोवॅट मीटर मात्र दोन्ही ३०० वरच! करंट वेगळा दिसला की हात गव्हर्नरच्या (इंजिनाचं इंधन कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेच्या) स्विचकडे जातो, आणि नीट वाटलेले किलोवॅटही बिघडतात. किलोवॅट गव्हर्नरकडून, केव्हीएआर एव्हीआरकडून. हे तोंडपाठ असूनही हात चुकतो, कारण मनात तो ‘व्होल्टेज नीट करणारा डबा’च असतो.

वाटणी राखायला ड्रूप लागतो, म्हणजे केव्हीएआर वाढले की व्होल्टेज थोडं उतरू देणं. सेन्सिंग दोन फेजवर असेल तर ड्रूपचा सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) तिसऱ्या फेजवर बसतो. युनिटी पॉवर फॅक्टरला, म्हणजे केव्हीएआर शून्य असताना, सीटीचा सिग्नल सेन्सिंग व्होल्टेजशी ९० अंशांत असतो, म्हणून परिणाम नगण्य. लॅगिंग (व्होल्टेजच्या मागे राहणारा, रिॲक्टिव्ह) करंट वाढला की तो सेन्सिंगमध्ये मिळतो, एव्हीआरला व्होल्टेज जास्त भासतं आणि तो फील्ड उतरवतो. पूर्ण लोडला साधारण ३ ते ५ टक्के ड्रूप ठेवतात. सीटीची वायर उलटी लागली तर नेमकं उलट: जास्त केव्हीएआर घेणारं मशीन आणखी घेत सुटतं आणि शेवटी एखादा ब्रेकर पडतो.

ही चूक पॅरललमध्ये शोधत बसू नका. मशीन एकटं चालवा, कमी पॉवर फॅक्टरच्या मोटरी जोडा, ड्रूपचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) वाढवा. व्होल्टेज उतरलं पाहिजे. चढलं तर पोलॅरिटी उलटी आहे. हीटर लावून ही तपासणी करणाऱ्यांचं नवल वाटतं: रेझिस्टिव्ह लोडला सीटी उलटा असो की सुलटा, व्होल्टमीटरचा काटा सारखाच राहतो. मात्र हीटरवरच व्होल्टेज ठळक बदललं, तर सीटी चुकीच्या फेजवर आहे. दोन्ही दुरुस्त्या मशीन बंद करूनच करा. करंट वाहत असताना सीटीचा सेकंडरी उघडला तर तिथे घातक व्होल्टेज तयार होतं.